मोटारीची गोधडी

एका जंगलात, बाळांनो, एक होता साळिंदर. नाव काशाबा. त्याची बायको तानूबाई. आणि तिसरी त्यांची जुनी मोटार. काशाबाच्या आजोबाला बघून एक शिकारी साहेब मोटार टाकून पळाला होता, तो काही परत आला नाही.

त्या मोटारीतून जंगलातल्या नवऱ्या सासरी जात. त्यावरच घर चाले. बॉनेट तेवढं वाईट. गंजून भोक पडलेलं. गाडी सुरू झाली की ते ताशासारखं वाजे. तापे तर असं, की तानूबाई त्यावर रताळी भाजून घेई.

एकदा वाघोबा महाराजांची दवंडी आली.

"जुन्या मोटारी ही जंगलाची शान! पण जिचं बॉनेट वाजेल, नाहीतर तापेल, ती भंगारात!"

तपासायला येणार बगळेसाहेब.

तानूबाई म्हणाली, "अहो, मोटार गेली तर खायचं काय? तुमच्या मिशा?"

काशाबा कामाला लागला. गंज खरवडला. भोकावर पत्रा ठोकून बसवला. बिजागऱ्यांना तेल पाजलं. तरी बॉनेट खडखडलंच. तापलंही.

"आतून जाड अस्तर लावायला हवं," काशाबा म्हणाला. "म्हणजे आवाज आत आणि धगही आत."

"गोधडी म्हणा की!" तानूबाई म्हणाली. तिने अंगावरचा एक काटा उपटला, त्यात दोरा ओवला आणि अंगणात फतकल मारून बसली.

आता त्या जंगलाची रीत ऐका हं. अंगणात गोधडी अंथरली, की आळीतल्या प्रत्येक घराची चिंधी तीत घालायची. एकाची जरी नाकारली, तर सात पिढ्यांचं बोलणं तुटायचं.

मेंढीआत्या लोकर घेऊन आली. अस्वलमामांनी अख्खी घोंगडी आणून टाकली. कोल्हीणवहिनी सासूचं लुगडं घेऊन आली. म्हणाली, "सासूला जिवंतपणी ऊब दिली नाही. मोटारीला तरी देते."

गोधडी फुगत गेली. फुगून फुगून उशी झाली, उशीची गादी झाली. आतून लावली, तर बॉनेट मिटेना. वर काशाबा बसला. तानूबाई बसली. अस्वलमामाही बसले. बॉनेट आपलं आ वासूनच.

"दोन थर काढ," काशाबा म्हणाला.

"कुणाचे काढू? तुमच्या आत्याचे की माझ्या मामांचे?"

काशाबा बॉनेटखाली डोकावला. "मग आतलं काहीतरी काढावं लागेल."

"आत आहे काय?"

"इंजिन."

"मग काढा की! इंजिन काही रुसत नाही."

काढलं. बॉनेट कसं टपकन मिटलं!

सकाळी बगळेसाहेब आले. पांढरेशुभ्र, इस्त्री केल्यासारखे.

काशाबा म्हणाला, "साहेब, बॉनेट उघडून दाखवू?"

"छे छे! पंख मळतील. तुम्ही नुसती सुरू करा."

काशाबा खरं बोलणार, तोच तानूबाईने त्याच्या पायावर पाय दिला. "अहो साहेब, सुरूच तर आहे!"

बगळेसाहेब एका पायावर उभे राहिले. बॉनेटला कान लावला. डोळे मिटले. आवाज नाही. पंख टेकवला. गारेगार. थरथर नाही, धूर नाही, वास नाही.

"वा!" त्यांचे डोळे भरून आले. "उभ्या जंगलात अशी मोटार नाही!"

"एक फेरी मारता का, साहेब?" आता काशाबालाही चेव आला.

"इतकी जुनी वस्तू चालवतात का कुणी? शोभतं का ते?"

वाघोबा महाराजांनी तिला राजमोटार केलं. दारासमोर मांडव घातला. नवऱ्या आता सासरी पायी जातात, पण मोटारीला हळदकुंकू वाहून. आणि बाकीचे मोटारवाले? आपापल्या मोटारी ढकलत काशाबाच्या दारी रांग लावून उभे. "आमचंही इंजिन काढा हो, आणि गोधडी लावा!"

काशाबा-तानूबाईला कौलारू घर मिळालं. रताळी जन्मभर राजवाड्यातून येतात, भाजलेली आणि सोललेली. आता दोघं झोपाळ्यावर बसून खातात आणि सुखाने ढेकर देतात.

तात्पर्य : गोधडी जाडच शिवावी. जागा कमी पडली तर इंजिन काढावं, नातेवाइकांची चिंधी काढू नये.