बुलडोझरला अडवणारी चिकटपट्टी

एकतीस वर्षांत मी चिकटवलेलं एक तरी बॅनर वाऱ्याने फाटलेलं दाखवा, आणि वर्षभर तुमच्या घरची भांडी घासते! उगाच नाही सांगत. आमचा पेलिकन क्लब ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, चेंडू पायाने मारायचा आणि हाताने झेलायचाही. आमचे खेळाडू मैदानात येतात ते आम्ही पाठीराख्यांनी बनवलेलं बॅनर फाडून. दुमजली घराएवढं उंच, सगळं क्रेप कागदाचं. कडांना आणि जोडांना चिकटपट्टी लावायची, आणि मधोमध थोडी जागा मुद्दाम बिनपट्टीची सोडायची. तिला आम्ही 'दार' म्हणतो. खेळाडू तिथून कागद फाडत बाहेर पडतात. पट्टी कुठे लावायची आणि कुठे नाही, हे ठरवणारी बाई अख्ख्या क्लबात एकच. मी, मर्ना क्रॉथर्स!

दर मंगळवारी संध्याकाळी स्काउटांच्या जुन्या हॉलमध्ये आम्ही जमतो. हात बॅनरवर आणि तोंड मुलाखतीवर. कारण सोमवारी सात वाजता टीव्हीवर 'बूट उतरवल्यावर' लागतं. त्यात एका निवृत्त खेळाडूला सोफ्यावर बसवून त्याच्याकडून जुन्या गोष्टी काढून घेतात. मंगळवारी आम्ही त्या गोष्टी सोलतो.

"म्हणे गुडघाभर चिखलात झेल घेतला!" माझी मदतनीस ग्लेनिस पॅस्को म्हणणार. "मी होते ना तिथे! ठणठणीत ऊन होतं. नाक भाजलं होतं माझं!"

ग्लेनिस एकोणीस वर्षं माझी मदतनीस आहे आणि एकोणीस वर्षं तिचा डोळा माझ्या पट्टीवर आहे. हे आधीच सांगून ठेवते.

तर त्या सोमवारी सोफ्यावर कोण? वॉरिक हॅरिगन! आमचा 'बुलडोझर'! एकशे दहा किलोचा माणूस. तो धावत आला की समोरच्या खेळाडूंना बायकोमुलं आठवायची. मी चहा घेऊन खुर्ची पुढे ओढली.

"आता त्या दुःखद दिवसाकडे वळू," मुलाखतकार बाई म्हणाली. "तुमचा दोनशेवा सामना. जिंकलात तर अंतिम फेरी."

"बॅनरवर माझं नाव होतं," हॅरिगन म्हणाला. "मान माझा, म्हणून सगळ्यांच्या पुढे मी. धाडदिशी घुसलो दारात, आणि तसाच मागे फेकला गेलो! दारावर कोणीतरी आडवी पट्टी मारली होती. गुडघा गेला. मी बाकावर, आणि संघ एका गुणाने हरला."

मग त्याने खिशातून कागदाचा एक चोळामोळा तुकडा काढला. "सत्तावीस वर्षं जपलाय. ही ती पट्टी."

कॅमेरा जवळ गेला. पट्टीवर लाल अक्षरांत छापलेलं होतं: 'नाजूक वस्तू! सांभाळून उचला!'

मुलाखतकार बाई इतकी हसली की तिचा माइक निघून पडला.

"हसा, हसा!" हॅरिगन म्हणाला. "पण ज्याने ही लावली त्याला मला एकदा बघायचंय. शनिवारी क्लबात जुन्या खेळाडूंचं जेवण आहे. हा तुकडा घेऊनच येणार आहे मी!"

माझा चहा तसाच राहिला. कारण ती पट्टी मी लावली होती.

आता मला लगेच फासावर चढवू नका, ऐका. त्या हिवाळ्यात मी एका काचसामानाच्या दुकानात कपबशा बांधायचं काम करत होते. सामन्याच्या दिवशी वारा असा सुटला, की दार आपोआप फाटणार हे दिसत होतं. आमची पारदर्शक पट्टी संपलेली. पिशवीत दुकानाची पट्टी होती. मागच्या बाजूने मारला दारावर एक पट्टा, म्हटलं संघ यायच्या आत काढते. तेवढ्यात कोणीतरी गरम सॉसेज रोल आणून दिला. तो खाऊन होईपर्यंत बॅनर उभं होतं, आणि बुलडोझर आडवा!

एका गुणाने हरलो हो! त्या एका गुणाने सत्तावीस वर्षं मला टोचलंय. सामना हरल्यावर मी गाडीत बसून ढसाढसा रडले होते. पण त्याच दिवशी कोणीतरी विचारलं, "हे काम कोणाचं असेल?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकाकुवावाल्यांचं! दुसरं कोणाचं?"

काकाकुवा म्हणजे आमचा जन्माचा वैरी क्लब. आठवड्याभरात सगळ्या गावाला पटलं की काकाकुवावाल्यांनी चोरून आमच्या बॅनरला पट्टी मारली. आणि माझ्या पोरीने लग्न कोणाशी करावं? डेमियनशी! काकाकुवांच्या पाठीराखे मंडळाचा चिटणीस! बारा वर्षं नाताळच्या जेवणाला मी त्याच्या ताटात वाढताना म्हणते आहे, "घ्या जावईबापू. आमच्याकडे काही चिकटवाचिकटवी नसते!"

मंगळवारी हॉलमध्ये नुसता कल्लोळ.

"चौकशी झालीच पाहिजे!" ग्लेनिस ओरडली.

आपण गप्प बसलो तर संशय येईल, म्हणून मी तिच्याहून मोठ्याने ओरडले, "झालीच पाहिजे! समिती नेमा! कोणाचीही गय करू नका!"

झालं! एकमताने मला समितीची अध्यक्ष केलं.

अध्यक्ष म्हणून पहिल्याच बैठकीत मला एका पत्रावर सही करावी लागली. मजकूर ग्लेनिसचा: काकाकुवा मंडळाने सत्तावीस वर्षांपूर्वीच्या नीच कृत्याबद्दल शनिवारच्या जेवणात येऊन जाहीर माफी मागावी. मी सही केली. पेन इतकं दाबलं गेलं की कागदाला भोक पडलं, आणि ग्लेनिस म्हणाली, "बघा, किती राग आलाय बिचारीला!"

त्या दिवशी घरी आल्यावर मला दुसरी गोष्ट आठवली आणि धाबं दणाणलं. मी दुकान सोडलं तेव्हा मालकाने निरोपाची भेट म्हणून त्याच पट्टीचं अख्खं खोकं दिलं होतं. दोन डझन गुंडाळ्या! मी हाताने सढळ बाई. सत्तावीस वर्षांत गावात ज्याने ज्याने घर बदललं, त्याची खोकी मी बांधून दिली होती. गावातल्या निम्म्या माळ्यांवर माझ्याविरुद्धचा पुरावा पडला होता, तोही लाल अक्षरांत!

बुधवारी मी ग्लेनिसकडे चहाला गेले. ती बिस्किटं काढायला आत वळली, की मी तिच्या धुण्याच्या खोलीत. नाताळच्या सजावटीचं खोकं मीच बांधलेलं. गरम पाण्याचा फडका लावून पट्टी खरवडायला बसले.

"मर्ना? इथे काय करतेयस?"

"उंदीर!" मी म्हणाले.

"अगं बाई! कुठे?"

"पळाला. खोक्यावर घाण करून गेला. पुसतेय."

ग्लेनिसने माझे दोन्ही हात धरले. "किती जिवाला जीव देतेस गं!" डोळे भरून आले तिचे. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

संध्याकाळी उंदीर मारणाऱ्याला बोलावून तिने तिच्या घराबरोबर हॉलचीही तपासणी करवली. तो म्हणाला उंदीर नाही. ग्लेनिसने त्याला खोटारडा म्हटलं. तो माणूस काकाकुवांचा निघाला! गुरुवारी सकाळी बेकरीत दोन्ही क्लबांची माणसं एकमेकांवर पाव उगारून उभी होती.

मी तिथून पाठीमागच्या दाराने सटकले आणि थेट पोरीच्या घरी. तिच्या गॅरेजात अकरा खोकी! ती दोघं कामावर असतात तोवर उरकून टाकू म्हटलं. सातव्या खोक्यावर होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मर्ना, काय चाललंय?"

डेमियन! हातात माझ्या सहीचं पत्र.

"झुरळ," मी म्हणाले. त्या आठवड्यात मी सगळे प्राणी वापरून टाकले.

"अच्छा? झुरळांना वाचता येतं का? सगळी पट्टीवरच जाऊन बसलीत ती?" तो खाली वाकला. खोक्याकडे बघितलं. पत्राकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही?" तो म्हणाला.

मी मान डोलावली.

"बारा वर्षं माझ्या ताटात वाढताना टोमणे मारले ते तुम्ही?"

"वारा फार होता रे..."

"आमचे बर्टकाका आठवतात? आमचं बॅनर ते करायचे. त्या सामन्यानंतर लोक रस्त्यात त्यांना 'पट्टीचोर' म्हणायला लागले. त्यांनी मैदानावर येणं सोडलं, मर्ना. आता ऐंशीचे आहेत. आजही रेडिओवर ऐकतात सामना."

मला खरंच माहीत नव्हतं हो हे! मी त्याच खोक्यावर बसले. आतली कपबशी फुटल्याचा आवाज आला.

"सांगणार आहेस का सगळ्यांना?" मी विचारलं.

"मी नाही सांगणार," डेमियन म्हणाला. "तुम्ही सांगायचं."

धमकी दिली असती तर मी भांडले असते. भांडायला मी कमी नाही. पण त्याने पत्र फक्त माझ्या हातात ठेवलं.

शनिवारी क्लबात दीडशे माणसं. भिंतीवर जुन्या खेळाडूंचे फोटो, टेबलावर सॉसेज रोल, आणि मधोमध काचेच्या पेटीत तो तुकडा! ग्लेनिसने जाहीर केलं, "आता समितीच्या अध्यक्षा आपला निष्कर्ष सांगतील!"

मी माइक धरला. दारात डेमियन उभा होता, आणि त्याच्या हाताला धरून बर्टकाका.

"निष्कर्ष असा," मी म्हणाले, "की ती पट्टी मी लावली. काकाकुवांचं नाव घेतलं तेही मीच. बर्ट, मला माफ करा. हॅरिगन, तुम्हीही."

एकदम गलका! कोणी 'शेम शेम' ओरडलं, कोणी रुमाल फेकला, कोणी सॉसेज रोल. बर्टकाका मात्र हळूहळू चालत आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "वाऱ्यात दारावर एक पट्टा मीसुद्धा मारला असता, पोरी." तेवढंच काय ते त्या दिवशी गोड झालं.

ग्लेनिस पुढे आली. पट्टीची गुंडाळी मी नेहमी मनगटात बांगडीसारखी घालते. ती तिने काढून घेतली, सगळ्यांसमोर. हात वर करून मतं घेतली. एकतीस वर्षांचं काम अर्ध्या मिनिटात गेलं.

आणि हॅरिगन? मला वाटलं होतं हा संतापेल, नाहीतर मोठ्या मनाने मिठी मारेल. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. माझं कोपर धरून त्याने मला भांडी धुवायच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला कबूल करायला?" तो कुजबुजला.

"तुम्हीच! टीव्हीवर! म्हणालात एकदा बघायचंय!"

"अहो बाई, तसं म्हणायचं असतं! कोणी पुढे येईल असं वाटलं नव्हतं मला!" त्याने कपाळाचा घाम पुसला. "हे बघा. ती पट्टी मला आधीच दिसली होती. करंगळीने फाडली असती मी."

"मग?"

"दोनशेवा सामना झाला की दोघं जण खांद्यावर बसवून मैदानाबाहेर नेतात ना? त्याची सकाळी अंगणात तालीम केली. दोन्ही मेहुण्यांच्या खांद्यावर बसलो. लोकांना हात कसा हलवायचा ते बघत होतो. दोन्ही हात वर केले, आणि..." त्याने मान खाली घातली. "गुडघा सकाळीच गेला होता. प्रशिक्षकाला काय तोंड दाखवू? लंगडणं लपवत बॅनरपर्यंत आलो, ती पट्टी दिसली, आणि म्हटलं देव पावला!"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम पडलात?"

"हळू बोला!"

सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षं त्या एका गुणाचं ओझं मी वाहिलं, आणि हा माणूस मेहुण्यांवरून पडला होता! "मी आत्ता बाहेर जाऊन सांगते!" म्हणत मी दाराची कडी धरली.

"सांगा," तो म्हणाला. "पण आत्ताच माइकवर सगळं कबूल केलंत. आता कोण ऐकणार?" मग त्या एकशे दहा किलोच्या माणसाचा आवाज एकदम लहान झाला. "दोनशे सामने खेळलो, मर्ना. तीनशे गोल मारले. लोकांना माझी ही एकच गोष्ट आठवते. हीसुद्धा घेऊ नका."

मी कडी सोडली.

पंधरा दिवसांनी 'बूट उतरवल्यावर'वाल्यांनी आम्हा दोघांना एकत्र बोलावलं. एकाच सोफ्यावर बुलडोझर आणि त्याला आडवा करणारी बाई! त्यांनी त्या दिवसाची चित्रफीत दाखवली. तुफान वारा, आणि माझं बॅनर ताठ उभं, कुठे एक चीर नाही. इतकं सुंदर बॅनर मी पुन्हा केलं नाही, आणि आता करणारही नाही. मला रडू आवरेना. हॅरिगनने डोळे पुसत, सगळ्या देशासमोर, मला क्षमा केली.

मंगळवारी मी हॉलमध्ये गेले. माझ्याकडे आता कागद कापायचं काम आहे. पट्टीची गुंडाळी मनगटात घालून ग्लेनिस बॅनरच्या दारापाशी गुडघ्यावर बसली होती. सगळ्याजणी मुलाखतीवरच बोलत होत्या.

"हॅरिगनच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला अगदी भरून आलं," ग्लेनिस म्हणाली. "सच्चा माणूस! पोटात एक, ओठात एक असं नाहीच." मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाली, "राग मानू नकोस हं मर्ना, पण तुझं रडणं मात्र अगदी खोटं वाटलं."