पश्चिमेच्या वाऱ्याची ओळखपरेड

मार्चच्या अकरा तारखेला दहिगावच्या शिक्षक कॉलनीत रोज दुपारी येणारा पश्चिमेचा वारा आला नाही आणि त्याच्या जागी दुसराच एक वारा पश्चिमेचा वारा म्हणून आला.

हे कॉलनीत फक्त भालचंद्र तगारे यांच्या लक्षात आले. तगारे ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते, पण निवृत्तीनंतर कॉलनी त्यांना सरच म्हणायची. गेली एकोणीस वर्षे ते गच्चीवर स्वतःचे हवामान केंद्र चालवत होते. जाळीच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक, एक पत्र्याचा पर्जन्यमापक, वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या आणि दिशा दाखवणारा बाण, एवढी सामग्री. आकडे आधी वहीत चढत आणि मग फाटकावरच्या फळ्यावर. फळा वाचल्याशिवाय कॉलनीत कोणी कुरडया वाळत घालत नसे.

अकरा तारखेच्या नोंदीत वावगे काही नव्हते. वेळ तीन चाळीस, दिशा पश्चिम, वेग ताशी चौदा किलोमीटर. तगारेंना हेच खटकले. जुना वारा चार-पाच मिनिटे मागेपुढे करायचा. हा नव्या नोकरीवर रुजू झालेल्या माणसासारखा अगदी वेळेवर आला होता.

बारा तारखेला ते साडेतीनलाच जिन्यात जाऊन बसले. वारा आला. त्याने मागचे दार ढकलून पाहिले. ते उघडले नाही, तेव्हा त्याने पुन्हा ढकलले. जुन्या वाऱ्याला हे दार आतून ओढावे लागते हे माहीत होते. तो त्या दाराच्या वाटेला कधी गेला नव्हता. तो सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून येई, कॅलेंडरची दोन पाने उलटवी आणि पुढच्या दाराने निघून जाई. शिवाय कॉलनीच्या पश्चिमेला गुऱ्हाळ होते आणि जुन्या वाऱ्याला गुळाचा आणि धुराचा वास असे. या वाऱ्याला कसलाच वास नव्हता. म्हणजे हा गुऱ्हाळाला वळसा घालून येत होता.

“इंदू, हा आपला वारा नाही,” तगारे बायकोला म्हणाले.

इंदुमती लसूण सोलत होत्या. “अहो, वारा येतोय ना?”

“येतोय. पण कोण येतोय?”

इंदुमतींनी लसणाची पुढची पाकळी उचलली. त्याचीही तगारेंनी मनात नोंद घेतली.

पुढचे आठ दिवस त्यांनी पाळत ठेवली. वारा सभ्य होता. फाटकापाशी जरा थबकून मगच आत शिरायचा. वाळत घातलेले कपडे पाडत नसे. तगारे गच्चीवर आले की वाट्या मुद्दाम एका लयीत फिरत आणि ते पाठमोरे झाले की जरा रेंगाळत. ते एकदा झटकन वळले, तेव्हा वाट्या लगबगीने पुन्हा चौदावर आल्या. आता शंकेला जागा उरली नाही.

बसस्थानकामागच्या वारे नोंदणी कार्यालयात नायब नोंदणी अधिकारी प्रमिला सरगर यांनी तगारेंचा अर्ज दोनदा वाचला.

“वारा तुमच्या मालकीचा होता?”

“नाही. वहिवाटीचा. एकोणीस वर्षं.”

“कुणावर संशय?”

“संशय त्याच्यावरच आहे. जुना कुठे आहे ते शोधा आणि याला विचारा, तू कुठला म्हणून.”

“ठीक आहे. तोतया ठरला तर तालुक्याबाहेर काढू. पण त्यासाठी जुना सापडायला हवा आणि तुम्ही तो ओळखायला हवा. तुमच्या वहीशिवाय दुसरा पुरावा नाही. उद्या स्थळपाहणीला येते.”

दुसऱ्या दिवशी सरगर बाई शिपाई घेऊन आल्या. पंच म्हणून शेजारच्या रेहाना मुल्ला यांना बोलावले. त्यांचा कुरडया-सांडग्यांचा घरगुती धंदा होता. तीन चाळीसला वारा आला आणि चार माणसे बघून गुलमोहराच्या आडोशाला थांबला. शिपायाने त्याला पुढे बोलावले. सरगर बाईंनी नाव, गाव, कुठून निघालास, असे रीतसर विचारले. वाऱ्याने तक्रारीचा कागद उलटा करून कोरी बाजू वर ठेवली. “माहिती देत नाही,” असे बाईंनी लिहून घेतले.

“भाभी, तुम्हाला काही फरक जाणवला?” त्यांनी विचारले.

रेहाना भाभींनी तगारेंकडे बघायचे टाळले. “फरक आहे, मॅडम. माल एक दिवस आधी वाळतो आणि वर काळी धूळ बसत नाही.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!” तगारे म्हणाले.

“सर, ठाऊक सगळ्या कॉलनीला आहे. बोललं कुणी नाही इतकंच.”

तगारेंना हा धक्का वाऱ्यापेक्षा मोठा होता. त्या दिवसापासून ते शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडेही संशयाने पाहू लागले. तीन चाळीसला कोण खिडकी उघडते, कोण किती उघडते, याची त्यांनी वेगळी यादी केली. पाचव्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या घरातल्या झोपायच्या खोलीची खिडकी यादीत आली. ती सताड उघडी होती.

“ही तू उघडलीस?”

“रोज उघडते,” इंदुमती म्हणाल्या.

“नऊ वर्षं बंद होती ही.”

“नऊ वर्षं मी बसून झोपत होते. पाठीला तीन उशा लावून. दुपारी तो धूर घेऊन घरात शिरला की माझी छाती भरायची आणि ती सकाळपर्यंत मोकळी व्हायची नाही. अकरा तारखेपासून मी आडवी झोपते. तुम्हाला वाट्या किती फिरल्या ते कळतं. बायको आडवी झोपली ते कळलं नाही.”

तगारेंनी वही उघडली. अकरा मार्चपासून सगळी पाने पाहिली. तापमान होते, आर्द्रता होती, वारा होता. इंदुमतींनी दम्याचा पंप किती वेळा घेतला याची नोंद कुठे नव्हती. त्यांनी वही मिटली.

“मग तू आधी का नाही बोललीस?”

“तुमचा त्याच्यावर जीव होता.”

दुसऱ्याच दिवशी कार्यालयातून पत्र आले. जुना वारा सापडला होता. दहा तारखेला तो गावाबाहेरच्या बंद खाणीत उतरला होता आणि तिथून त्याला वर येता आले नव्हते. शिपायांनी त्याला काढले होते. चार एप्रिलला ओळखपरेड होती.

परेडसाठी कार्यालयातले पंखे बंद केले होते आणि कागदांवर वजने ठेवली होती. नवा वारा पश्चिमेच्या खिडकीशी उभा होता. जुन्याला शिपायाने व्हरांड्यातून आत आणले. तो बराच उतरला होता. वेग ताशी सहाच्या वर नसावा. पण आत येताच त्याने तगारेंना ओळखले. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पाने उलटली. मग टेबलावरच्या वहीतली पाने फडफडवत तो एकोणीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या नोंदीपाशी थांबला. तगारेंच्या कपाळावरचे केस डावीकडून उडाले. खोलीभर गुळाचा वास पसरला.

“ओळखता का याला?” सरगर बाईंनी विचारले.

इंदुमती मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि त्या एकदा खोकल्या. खोकला फार नव्हता.

“नाही,” तगारे म्हणाले.

“नीट बघा. घाई नाही.”

“बघितलं. मी याला कधी पाहिलेलं नाही.”

“आणि तो? खिडकीजवळचा?”

“तो आमचा. एकोणीस वर्षांपासूनचा.”

बाईंनी तसे लिहून घेतले आणि तगारेंनी सही केली. त्यांनी आजवर एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. सही जरा वाकडी आली. जुना वारा थोडा वेळ तिथेच होता. मग त्याने वही मिटली आणि जाताना दार आवाज न करता ओढून घेतले. पुढे तो कुठे गेला याची कार्यालयाने चौकशी केली नाही. नव्या वाऱ्याला जागच्या जागी ओळखपत्र मिळाले. त्यावर फोटोची जागा मोकळी होती.

घरी परतताना वारा त्यांच्या मागे दहा पावलांवर चालत होता. तगारे तीनदा थांबले. तोही तीनदा थांबला. चौथ्यांदा ते थांबले नाहीत.

निकालाची बातमी तालुक्यात पसरली. एकोणीस वर्षे नोंदी ठेवणारा माणूस चुकणार नाही, असे म्हणत लोक आपापल्या गावची शंकास्पद हवा घेऊन तगारेंकडे येऊ लागले. मे महिन्यात एकाने झाडाखालची सावली आणली. ऑगस्टमध्ये दोन गावे एकाच ढगावर हक्क सांगत आली. डिसेंबरात बोरवडीचे दगडू खरमाटे दुधाच्या किटलीत पहाटेचे धुके घेऊन आले.

“सर, हे आमचं वाटत नाही. आमचं जरा दाट होतं.”

तगारेंनी झाकण उघडून आत पाहिले. धुके खरोखरच परके होते. त्याला नदीचा वास होता आणि बोरवडीला नदी नव्हती.

“घरी सगळे बरे आहेत?” त्यांनी विचारले.

“बरे आहेत. आईचे गुडघे यंदा दुखत नाहीत.”

“आणि म्हशी?”

“म्हशी खूष आहेत.”

“मग तुमचंच आहे,” तगारे म्हणाले आणि त्यांनी तसा दाखला लिहून दिला.

खरमाटेंनी दाखला वाचला. मग तगारेंच्या तोंडाकडे बराच वेळ टक लावून पाहिले. शेवटी त्यांनी किटलीचे झाकण घट्ट लावले आणि ती सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ते गावच्या गाडीकडे निघाले.