विष्णुकाका राउटरमध्ये शिरतात

"कंपनीचा माणूस? कशाला? हयातभर गणित शिकवलेल्या माणसाला एक राउटर उघडता येत नाही म्हणजे काय!"

पेणच्या शाळेतून निवृत्त झालेल्या विष्णुकाकांनी फोनवर बायकोला ठणकावून सांगितलं. वृंदाकाकू लेकीकडे, तनयाकडे, रोह्याजवळच्या अष्टमी गावी गेल्या होत्या. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, पण हल्ली कॉल लागला रे लागला की तनयाचा चेहरा जांभई देताना फोटो काढल्यासारखा गोठायचा आणि तिचा आवाज विहिरीच्या तळातून यायचा. काकांचं निदान पक्कं होतं. आपलं वायफाय कोणीतरी चोरतंय! राउटरमध्ये शिरायचं, पासवर्ड बदलायचा, चोर बाहेर. तीन पायऱ्यांचं गणित!

"अहो, पण तुम्ही हात लावलात की..."

"फोन ठेव, मी कामात आहे."

काकांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि राउटरचं लॉगिन पान उघडलं. युजरनेम, पासवर्ड. राउटरच्या पाठीवर ते चिकटवलेलं होतंच, फक्त मुंगीच्या अक्षरात. काकांनी चष्म्यावर भिंग धरून एकेक अक्षर टिपलं. चूक! शून्याच्या जागी ओ घातला. चूक! ओच्या जागी शून्य घातलं. चूक! मग तर काका इरेलाच पेटले. वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोरालाही त्यांनी अपूर्णांक शिकवले होते, हे यंत्र कोण लागून गेलं?

त्यांनी कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, राउटरला हात न लावता फक्त..."

तोवर काकांनी काकूंच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी राउटरच्या भोकात खुपसली होती. दिवे विझले, लागले, लाल झाले.

"सर, तुम्ही रीसेट केलंत? आता सगळं सेटिंग गेलं! तुमचं इंटरनेट बंद झालं. परवा माणूस पाठवते."

"बंद कुठाय? माझ्या लॅपटॉपवर बातम्या चालू आहेत!"

"ते शक्यच नाही, सर."

"मुली, डोळ्यांनी बघतोय मी!" काकांनी फोन ठेवला. या पोरांना काही शिकवतात की नाही, देव जाणे.

आता मैदानात एकटे काका. त्यांनी सगळे पासवर्ड लावून पाहिले. स्वतःची जन्मतारीख. लग्नाची तारीख, तीही आधी चुकलेली आणि मग सुधारलेली. शेवटी वैतागून दोन्ही रकान्यांत नुसतं 'अॅडमिन' ठोकलं.

पान उघडलं!

काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. स्वतःलाच शाबासकी दिली, पुन्हा बसले आणि नवा पासवर्ड घातला. चोराच्या सात पिढ्यांना सुचणार नाही असा: (a+b) चा वर्ग, पूर्ण विस्तारासह! सेव्ह.

आणि कुंपणापलीकडून किंकाळी आली.

"अवो, गेलं! नेट गेलं!"

सापडला चोर! काका मिशीत हसत अंगणात आले. कुंपणाशी शेजारचा प्रदीप उभा होता. धरमतरच्या जेट्टीवर कामाला, आज सुट्टी घेऊन घरी. चेहरा रडवेला.

"काका, तुमचं नेट हाय का चालू? आमच्या पोरीची, शिल्पाची मुलाखत चाललीय वो, रोह्याच्या कंपनीची! मधेच सगळं बंद. आमचाच पासवर्ड आमालाच चालत नाय!"

"तुमचाच पासवर्ड?" काकांचं हसू जागच्या जागी थांबलं. "थांब हं, बघतो."

ते लगबगीने आत गेले. लॅपटॉप नवा पासवर्ड मागत होता. वर नेटवर्कचं नाव लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरात: प्रदीप होम.

काकांना आठवलं. गेल्या आठवड्यात, गणपतीत घरचं नेट बंद पडलं होतं, तेव्हा प्रदीपने पासवर्ड दिला होता. लॅपटॉपने तो इमानदारीने धरून ठेवला होता. म्हणजे भिंतीपलीकडून रडतखडत येणारं ते नेट प्रदीपचं होतं. आणि आठवडाभर चोरी करणारे? साक्षात विष्णुकाका!

क्षणभर वाटलं, दार लावून घ्यावं. पण शिल्पा वर्षभर त्या नोकरीसाठी खपत होती. काकांनी धोतर खोचलं आणि लॅपटॉपसकट कुंपण ओलांडलं. अर्धं धोतर कुंपणावरच राहिलं.

"पोरी, पासवर्ड लिही! ए दोन, अधिक, दोन ए बी, अधिक, बी दोन!"

"आमच्या नेटचा पासवर्ड तुमाला कसा म्हाईत?" प्रदीप.

"मी बदलला! नंतर शिव्या दे, आधी लिही!"

शिल्पाने घाईघाईने लिहिलं. चूक! पुन्हा. चूक!

"काका, सूत्र तरी बरोबर हाय ना?" प्रदीप.

हा घाव वर्मी लागला. काकांनी स्वतःच्या लॅपटॉपवर तेच टाइप केलं. लागलं! शिल्पाचं लागेना. तिने मान वाकवून काकांच्या कीबोर्डकडे पाहिलं.

"काका, कॅप्स लॉक चालूय तुमचा!"

सगळी अक्षरं मोठी केली आणि पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या बाई परत आल्या.

"काय झालं होतं?"

शिल्पाने एकदा काकांकडे पाहिलं. काका धोतर सावरत टेबलाखाली दडले होते. "मॅडम, शेजारच्या सरांनी चुकून आमचा पासवर्ड बदलला. सरांना बोलावून आत्ताच तो प्रश्न सोडवला."

बाई खळखळून हसल्या. मुलाखत पुढे चालली आणि शेवटी शिल्पाला सोमवारी रोह्याला, दुसऱ्या फेरीला बोलावणं आलं. टेबलाखालून टाळी वाजली.

संध्याकाळी काकूंच्या कॉलची वेळ झाली. काकांचा राउटर लाल डोळे वटारून मेल्यागत पडलेला. काका मान खाली घालून कुंपणाशी गेले. प्रदीप मनाचा मोठा.

"घ्या की वो काका, माणूस येईस्तवर आमचंच वापरा. पासवर्ड मातुर बदललाय मी. 'विष्णुकाका हात लावू नका'. सगळं जोडून, इंग्रजी अक्षरांत."

काकांनी निमूटपणे घरी जाऊन टाइप केलं. चूक. पुन्हा केलं. चूक. मग ते पुन्हा कुंपणाशी आले.

"प्रदीप, 'हात' मध्ये ए एक रे, की दोन?"