वडगावचा नंबर

खंदारे काका रोज सकाळी अकरा वाजता रफिकभाईच्या कॅफेत आपल्या गावाचा नंबर बघायला यायचे. गाव धरणात बुडून बरीच वर्षं झाली होती. नंबर सर्चमधला होता.

दोन हजार सात-आठची गोष्ट. हिंगोलीच्या स्टँडसमोर रफिकभाईचा सहा कॉम्प्युटरांचा कॅफे होता आणि खिडकीजवळचा काकांचा, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. तिथं कुणी दहावीचा निकाल बघत बसलं असलं, तर काका मागं उभं राहून म्हणायचे, "बघा निवांत. मी हाये." ते "मी हाये" ऐकून पोरगं पास की नापास हे न बघताच उठायचं.

काकांची सगळी नोकरी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. रिटायर झाल्यावर लोक प्लॉट घेतात. काकांनी रफिकभाईकडून वेबसाइट करून घेतली. एकच पान, पिवळ्यावर निळी अक्षरं. मजकूर मराठीत, आणि खाली तोच इंग्रजी अक्षरांत, कारण लोक सर्च तसाच करतात. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'वडगाव (धरणात गेलेले). तेथील रहिवाशांनी कळवावे.' त्याखाली घरचा फोन नंबर.

गाव उठलं तेव्हा कुणी वसमतला गेलं, कुणी नांदेडला, कुणी पार पुण्याकडं. नवं वडगाव कागदावर वसलं, माणसं तिथं राहिली नाहीत. काकांना त्यातलं एक माणूस परत भेटायला हवं होतं. कुणीही चाललं असतं. पण साइट सापडल्याशिवाय माणूस सापडणार नव्हता, म्हणून नंबर.

मी तेव्हा त्याच कॅफेत चळवळीची पत्रकं टाइप करायचो. पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा काकांनी 'वडगाव' टाकलं. एक कॉलेज आलं, एक मंगल कार्यालय आलं, तरणतलाव असलेली एक हाउसिंग सोसायटी आली. काकांचं वडगाव चौदाव्या पानावर होतं.

मी पेटलोच. "बघा काका! ज्यांना बुडवलं त्यांना इथंही शेवटची रांग. ही नवी वर्णव्यवस्था आहे. यावर पत्रक काढलं पाहिजे."

"थांब ना बाबू," काका म्हणाले. "तू लई लवकर घोषणा देऊन राहिला." त्यांनी 'वडगाव धरणात गेलेले' टाकलं. तिसरं पान. मग 'वडगाव घोडेबारव' टाकलं. पहिलाच नंबर. घोडेबारव म्हणजे गावातली पायऱ्यांची विहीर.

"आता मला सांग," ते म्हणाले, "गाव तेच, पान तेच, मानूस मी एकटा. मग तीन जागी तीन नंबर काहून?"

हा प्रश्न त्यांनी सहा महिने सोडला नाही. 'मा. व्यवस्थापक साहेब, सर्च विभाग' यांना अर्ज लिहिला. विषय: एकाच गावास निरनिराळे क्रमांक दिल्याबाबत खुलासा मिळणे. तीन प्रती काढल्या.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"एक त्यायला, एक आपल्याला, एक गहाळ व्हायला."

रफिकभाई म्हणाला, "काका, पता किधर का डालूं? उनका तो खिडकीच नहीं."

खिडकी नसलेलं ऑफिस काकांना पटलं नाही. शेवटी रफिकभाईनंच खुलासा दिला. "देखो काका. वडगाव बोले तो सौ जने लाइन में खडे. किसी के पास फोटो, किसी के पास पचास पन्ने, और दूसरी साइटां भी उन्हीच का पता देतीं. आपका पता कौन देता? और घोडेबारव बोलनेवाले दुनिया में आप अकेले. इसलिए पहले."

"म्हणजे बिनविरोध," मी म्हणालो.

काकांनी अर्जाच्या तिन्ही प्रती घडी घालून खिशात ठेवल्या. मग म्हणाले, "बराबर हाये. खिडकीवर बाई यायची. कळमनुरीची गाडी कवा हाये, असं न्हाई विचारायची. 'माझ्या लेकीच्या गावची गाडी गेली का?' मोठं नाव समद्यायचं असते बाबू. ज्याला खरंच जायचं हाये, तो आपल्या नावानं विचारते."

त्या दिवसापासून त्यांनी 'वडगाव'चा नाद सोडला आणि वडगावचा माणूस काय विचारेल ते पानावर घालायला लागले. लंगड्या मास्तरची शाळा. कासाराच्या घरामागची चिंच. कॅफेत येईल त्याला विचारायचे, "तुमी घरापासून लांब असले, तर काय टाकून शोधसान?" मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सामाजिक न्याय."

"तिथं तर लईच गर्दी असंल," काका म्हणाले.

घोडेबारवेचं वर्णन मात्र सगळ्यात लांब होतं. पायऱ्या किती, कमान कुठं, पाणी कसं गोड. एकदा सहज विचारलं, "तुम्ही पोहायचात काय तिथं?"

"आमाला कुठलं? आमची झिरी नदीत व्हती. वाळू उकरायची, वाटीनं पाणी भरायचं. बारवेला हात लावला असता तर मारलं असतं."

"आणि तुम्ही तिचं कौतुक लिहिता? खोडून टाका ते! झिरी लिहा!"

"झिरी बी लिवली हाये, खाली. पण शोधणारा बारवेवरचा असंल तर? त्याचं बी गाव गेलंच की."

मी त्या दिवशी पत्रक अर्धवट ठेवून घरी गेलो.

पानाच्या तळाशी रफिकभाईनं एक फुकटचा काउंटर बसवला होता. कोण कधी आलं आणि काय शब्द टाकून आलं, ते तो दाखवायचा. तोवर आलेले सगळे काकाच होते. एका शनिवारी मात्र रफिकभाईनं हाक मारली. "काका, ये आप नहीं. कल जुमे की नमाज के टाइम का है, दुकान बंद थी मेरी." शब्द होते, 'वडगाव घोडेबारव कमान'.

काकांनी पुढचे आठ दिवस घर सोडलं नाही. फोन आला नाही. शुक्रवारी दुपारी तेच शब्द परत आले. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. कुणीतरी यायचं, पान बघायचं, निघून जायचं.

"फोन नंबर मोठ्या अक्षरात करूं क्या?" रफिकभाईनं विचारलं.

"नको," काका म्हणाले. "त्याला बोलायचं न्हाई. कदाचित नाव सांगायची लाज वाटत असंल. गावात येऊन जाऊ दे त्याला."

मग ते दर गुरुवारी पानावर एखादी नवी ओळ घालायला लागले, शुक्रवारी येणाऱ्याला तेच जुनं पान मिळू नये म्हणून.

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं. काका पहिल्या गाडीनं तिकडं गेले आणि दुपारी परत येऊन रफिकभाईला एकच ओळ टाकायला लावली: 'चावडीसमोरच्या पाराचा चौथरा वर आला आहे. बसता येते.'

गावात असताना त्या पारावर खंदाऱ्यांच्या घरातलं कुणी कधी बसलं नव्हतं, हे एव्हाना मला न सांगता कळत होतं. तरी विचारलं, "तुम्ही बसलात?"

"बसलो ना," काका म्हणाले. "जरा सरकून बसलो. शेजारी जागा ठिवून."