ऊर्जादूताच्या घरचा पिवळा बल्ब

हिवरे बाजारला लोक पाण्याचं काम बघायला येतात ना, तसे आमच्या गावाला वीजबचत बघायला येतील, असं मी ग्रामसभेत छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि हा भीमराज एकदा बोलला की बोलला! पंधरा दिवस दारोदार फिरलो, गावातला एकूण एक पिवळा बल्ब उतरवला आणि एलईडी लावला. ठरावही मीच लिहिला: ज्याच्या घरी पिवळा बल्ब सापडेल, त्याने आठ दिवस चावडी झाडायची! गावाने टाळ्या वाजवून मला 'ऊर्जादूत' केलं. या पदाची दखल फक्त आमच्या घरात घेतली गेली नाही.

तालुक्याच्या वीजबचत स्पर्धेची समिती दुपारी येणार होती. पहिलं बक्षीस म्हणजे गावभर सौरदिवे! सकाळी म्हटलं, आपल्या घरावरून एक नजर फिरवावी. आणि बघतो तर काय, माजघरातल्या थर्माकोलच्या खोक्यात पिवळा बल्ब! साठ वॅटचा! माझ्या घरात!

खोकं बायकोचं, सत्यशीलाचं. त्यात चाळीस गावरान अंडी. तिच्या बचत गटातल्या दहा बायकांनी प्रत्येकी चार अंडी विश्वासाने तिच्याकडे दिलेली, आणि एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर पडायची होती. पहाटे गटाच्या मीटिंगला पाथर्डीला जाताना ती बजावून गेली होती, "अहो, खोक्यातला दिवा बंद पडू देऊ नका. दहा जणींना शब्द दिलाय मी."

मी कुठे बंद पाडला? मी तो सुधारला! नऊ वॅटचा पांढराशुभ्र एलईडी बसवला आणि जुना बल्ब भंगारच्या टेम्पोत टाकून दिला. टेम्पो धूळ उडवत गेला, आणि मी दाढीला बसलो.

अकरा वाजता तिचा फोन आला.

"दिवा चालू हाय ना?"

"चालू? अगं, पहिल्यापेक्षा लख्ख!"

"लख्ख म्हंजी? काटा किती दाखवतो?"

खोक्यात थर्मामीटर आहे हे मला तेव्हा कळलं. वाकून पाहिलं. "तीस."

ती एकदम हळू आवाजात बोलली, एरवी कधी बोलत नाही तशी. "सदतीस पायजे. पिवळ्या बल्बची ऊब असती, अहो. तुमी काय केलं?"

"काही नाही! अर्ध्या तासात सदतीस करतो!" असं ठणकावून मी फोन ठेवला. खोक्याभोवती दोन गोधड्या गुंडाळल्या आणि आबासाहेबाच्या दुकानाकडे पळालो.

"पिवळा बल्ब दे!"

आबासाहेब दोन पावलं मागे सरकला. "न्हाई ठेवत आता. ठेवणार न्हाई म्हनून तुमीच सही घेतली की!"

"अरे, मला खरंच पाहिजे!"

"भीमराजभाऊ, परीक्षा बघता व्हय गरिबाची?"

झालं! मी पुढच्या घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली की ऊर्जादूत गुपचूप तपासणी करतोय. ज्या दारात जावं तिथे लोक हात जोडून उभे! गोरक्षनाथने तर न विचारता कपाट उघडून दाखवलं. विमलबाई गळ्याची शपथ घ्यायला लागल्या. मी जितक्या कळवळून मागत होतो, तितकी माणसं जास्त घाबरत होती. इतका कडक कारभार केल्याचा मला त्या घामाघूम अवस्थेतही थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

शेवटी शेजारच्या बनुबाईंच्या ओट्यावर बसलो आणि खरं ते सांगून टाकलं. चाळीस अंडी, दहा बायका, आणि सत्यशीलाचा तो हळू आवाज. बोलता बोलता मला खरंच भरून आलं.

बनुबाई उठून शेळ्यांच्या छपरात गेल्या. कोपऱ्यातली पालथी पाटी उचलली. खाली साठ वॅटचा बल्ब, चांगला फडक्यात बांधलेला!

"करडांना थंडीचा लावते," त्या म्हणाल्या. "माजं नाव घेतलं तर याद राख!"

पाया पडलो आणि पळालो. बल्ब बसवला. एकतीस... तेहतीस... पस्तीस... काटा चढत होता आणि दारात जीप थांबली. समिती! मागे सगळा गाव.

"गाव पाहिलं. एकही पिवळा बल्ब नाही, कमाल आहे!" फाईलवाले साहेब म्हणाले. "आता ऊर्जादूतांचं आदर्श घर दाखवा."

मी खोक्यासमोर पाय फाकून उभा राहिलो. माझ्या दोन पायांमधून पिवळा उजेड साहेबांच्या बुटांवर पडला.

"हे काय?"

तेवढ्यात सत्यशीलाही धापा टाकत आत आली.

साहेब माणूस चांगला होता. हळूच म्हणाले, "पाच मिनिटं बंद करा. मी फोटो काढतो, निघतो. बक्षीस तुमचंच."

अख्खा गाव माझ्याकडे बघत होता. सौरदिवे माझ्या एका बोटावर होते. बटणाकडे हात गेलासुद्धा! तेवढ्यात खोक्यातून आवाज आला. टक्. एका अंड्याला चीर पडली होती. सत्यशीलाने तोंडावर पदर धरला.

"न्हाई बंद करणार!" मी ओरडलो. "लिहा साहेब, एक पिवळा बल्ब, ऊर्जादूताच्या घरी!"

त्यांनी लिहिलं. त्या एका बल्बापायी बक्षीस शेजारच्या गावाला गेलं. इकडे तिसऱ्या दिवसापर्यंत चाळीसातून अडतीस पिल्लं बाहेर आली. त्या रात्री सत्यशीलाने मला न मागता भाकरीवर लोणी वाढलं. लग्नाला एकवीस वर्षं झालीत, पहिल्यांदाच!

सध्या मी चावडी झाडतोय. ठराव म्हणजे ठराव! काल बनुबाई जाता जाता थांबल्या, तेव्हा सहज विचारलं, "मावशी, गावात अजून असे बल्ब किती असतील हो?"

"असतील की चाळीसेक. आबासाहेबाकडं तर खोकंच हाय."

"मग त्यांनीही झाडायला पाहिजे!"

"का म्हनून?" बनुबाई म्हणाल्या. "आमचे कुठं सापडलेत? आन् तो कोपरा राहिलाय बग."