काचेच्या टाकीतले गवत आणि एका खिडकीचा रणसंग्राम

श्रीगजानन समर्थ. शके एकोणीसशे एकोणीस, ईश्वरनाम संवत्सर, आर्वी मुक्कामी काचेच्या टाकीत गवत जगविण्याचे कामी जो दंगा जाहला, त्याचे वर्तमान पुसणारे बहुत आणि खरे सांगणारा एकही नाही, सबब हे लिहिणे प्राप्त जाहले. उभय पक्ष एकाच घरी नांदतात आणि लिहिणाराने त्या घरचा चहा प्याला आहे, यास्तव पक्षपात करणार नाही. क्वचित जाहला तर तो विमलाबाईसाहेबांचा, कारण चहा त्यांनी केला.

राजश्री पुंडलिकराव, विमलाबाईसाहेबांचे पती आणि तहसील कचेरीचे मोठे बाबू, हे पुलगावी भाचीचे साक्षगंधास गेले असता यजमानांचे बैठकीत मासे पाळण्याची टाकी पाहिली आणि तीत खरेखुरे गवत पाण्याखाली डोलताना पाहिले. रावसाहेबांचे घरीही टाकी होती, गप्पी मासे होते, परंतु गवत प्लास्टिकचे. यजमानांनी सहज पुसिले की, आपले गवत खरे की कसे? तेव्हा रावसाहेबांची बालुशाही घशात अडकली, आणि मग परतीचे एसटीतच प्रतिज्ञा जाहली की प्लास्टिकचे तोंड इतःपर पाहणे नाही. मग खासा नागपुरावर चालून गेले, आणि रिबिनीऐसे लांब पातीचे गवत पाण्यासुद्धा पिशवीत घेतले, आणि ती पिशवी तान्ह्या लेकराप्रमाणे मांडीवर धरून स्वस्थानी दाखल जाहले. मग रेती धुतली, गवत रोविले, आणि प्लास्टिकवाले माळ्यावर हद्दपार जाहले.

आता टाकी ठेवावी कोठे, याची मसलत पडली. बैठकीस खिडकी एकच, पश्चिमेची. मसलतीस शेजारचे बंडूजी आले, जे बी-खताचे दुकानदार, आणि ज्यांस हिरवे पान दिसले की त्याखाली कापूसच दिसतो. त्यांनी निवाडा दिला की उन्हावाचून पीक नाही. मग टाकी खिडकीखाली बसविली आणि चैत्राचे ऊन तिसरे प्रहरापासून तीवर तोफ डागू लागले.

गवत पिवळे पडले. रावसाहेबांचे काळजाचे पाणी जाहले. बंडूजींस पाचारण केले, त्यांनी चष्मा पुसून पाहिले आणि फर्माविले:

"बाबूजी, पऱ्हाटी पिवळी पडली तं काय करते मानूस? युरिया देते. घ्या चिमूटभर."

येणेप्रमाणे पाण्यात युरिया गेला. मग काय पुसता! गवताने तो खाल्ला न खाल्ला, शेवाळ नामे गनीम मात्र तुटून पडला, आणि काच हिरवी, रेती हिरवी, पाणी हिरवे, मासे आहेत की निवर्तले हे कळेना. रावसाहेब कचेरीतून येऊन बाह्या सरसावीत, जुन्या दातब्रशाने काच घाशीत, आणि सकाळी गनीम पुन्हा हजर. बंडूजी म्हणत की ऊन कमी पडते. असा सल्लागार वैऱ्यासही न मिळो.

इतक्यात पारा चव्वेचाळिसावर गेला आणि विमलाबाईसाहेबांनी खिडकीवर हक्क सांगितला. चैत्र लागला की कूलर उतरवावा, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या लावाव्या, खिडकीत बसवावा, हा या मुलखाचा शिरस्ता. रावसाहेबांनी साफ नाकारिले, की कूलर बसला म्हणजे ऊन बंद, आणि ऊन बंद म्हणजे गवताचा अंत. तेव्हा बाईसाहेबांनी जाहीरनामा काढिला:

"तुमचं गवत पान्यात बसून हाय, अन् मी गॅसपाशी भाजून राह्यली! अक्षय तृतीयेले हे जितं नाई दिसलं, तं टाकीत कुरड्या भरीन. झाकणासकट डबा आयताच हाय."

रावसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले. पुलगावचे यजमान उद्या भेटीस आले आणि टाकीत कुरड्या पाहिल्या, तर मोठ्या बाबूंनी तोंड कोठे लपवावे?

मग दैवाने दगा दिला. रावसाहेब कचेरीचे कामास वर्ध्यास गेले, ती संधी साधून बाईसाहेबांनी बंडूजींस कैरीचे पन्हे पाजिले आणि बंडूजी तत्काळ फितूर जाहले. उभयतांनी कूलर चढविला, आणि रावसाहेब परतले तो खिडकी पडलेली, ऊन हद्दपार, बैठकीत गार वारा, आणि बंडूजी त्या वाऱ्यात घोरत पडलेले. रावसाहेबांस फार वाईट वाटले. हसण्याजोगी गोष्ट खरी, परंतु वाईट वाटले तेही खरे. त्यांनी टाकीकडे पाठ केली, युरियाची पुडी फेकली आणि कूलरपुढे बसून गवताचे सुतक पाळिले.

बाईसाहेब मात्र व्यवहारी. खताचे पाणी वाया का घालवावे, म्हणून रोज टाकीतले तांब्याभर काढून मोगऱ्यास घालीत आणि तितकेच रांजणातले गार पाणी टाकीत ओतीत. हेतू मोगऱ्याचा, गवताचा नव्हे, हे इमानाने नमूद करणे भाग आहे.

अक्षय तृतीयेस बाईसाहेब कुरड्यांची पाटी घेऊन टाकीवर चालून आल्या, आणि जागीच थबकल्या.

"अहो, इकडं या! हे तं जितं हाय!"

रावसाहेब धावले. पाणी आरशासारखे, शेवाळ मोडलेले, मासे कुटुंबकबिल्यासह सुखरूप, आणि गवताने दुर्वांप्रमाणे धावती मुळे टाकून जागोजाग नवे ठाणे बसविलेले. रावसाहेबांचे डोळे भरून आले. बाईसाहेबांनी पाटी मागे फिरविली आणि कूलरपुढे घोरत पडलेले बंडूजी उठून म्हणाले, "मी नोतो सांगत? युरियाले येळ लागते." रावसाहेबांनी ते खरे मानिले. लिहिणाराने कपाळावर हात मारून घेतला.

मग मृग लागला, घरोघरचे कूलर उतरले, आणि रावसाहेबांनीही विजयाचे तोऱ्यात आपला उतरविला. पावसाने ओढ दिली, ऊन पुन्हा टाकीवर आले आणि आठवडा न जाता गनीम उलटला. रावसाहेब काचेकडे पाहत, मग खिडकीकडे पाहत, मग पुन्हा काचेकडे. एक चहा निवून गेला. मग त्यांनी कूलर उचलला आणि आपले हातांनी खिडकीत परत बसविला.

तो आजतागायत तेथेच आहे. पौषात सारी आर्वी कानटोपी घालून फिरते आणि त्या खिडकीत कूलर. पुलगावचे यजमान आले, त्यांनी गवताची तारीफ केली, आणि मग खिडकीकडे बोट करून पुसिले की, हे थंडीत काय? रावसाहेब खोकू लागले. बाईसाहेब चहा ठेवीत म्हणाल्या:

"काऊन म्हंजे? आमच्या गवताले ऊन बाधते जी."

येणेप्रमाणे गवताची फत्ते जाहली. दफ्तरी ती पुंडलिकरावांचे नावे दाखल आहे. खिडकी विमलाबाईसाहेबांचे नावे, कुरड्या पत्र्याचे डब्यात, आणि मोगरा यंदा बहुत फुलला, इति निश्चित.