सातही वार तात्यांचे

तात्या फाटक नव्या माणसाचे आधी दात पाहायचे, मग नाव विचारायचे. आमच्या ताईला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी "जरा आ करा" म्हटलं होतं.

दोष त्यांचा नव्हता. उभी हयात संस्थानच्या पागेत अडेल घोडे वठणीवर आणण्यात गेली होती. संस्थान विलीन झालं, घोडे विकले गेले, तात्या तेवढे उरले. मध्यभारत सरकारने त्यांना प्रोबेशन ऑफिसर केलं. घोडे सुधारणारा माणूस बिघडलेली पोरंही सुधारेल, असा सरकारी अंदाज.

"भिया, चाबूक कुछ नहीं करता. दाणा वेळेवर पाहिजे," एवढंच तात्यांचं शास्त्र. म्हणून हातोदच्या बाजारात खिसा कापताना सापडलेला भेरू कोर्टाने त्यांच्या हवाली केला, तेव्हा गरीब विद्यार्थ्याचे जेवणाचे वार लावतात तसे त्यांनी त्याचेही लावले. सोमवारी आमच्याकडे, मंगळवारी शेजारच्या वकिलांकडे, अशी आमची छत्रीबागेतली गल्ली वाटून टाकली. भेरूला वाढताना आईचा एक डोळा त्याच्या पानावर आणि दुसरा चांदीच्या भांड्यांवर असायचा.

एक दिवस आमची चांदीची वाटी हरवली आणि गल्लीतले सगळे वार बंद झाले. वाटी पुढे आमच्याच पापडांच्या डब्यात सापडली, पण वार कुणी पुन्हा सुरू केले नाहीत. सज्जन माणसं माफीबिफी मागत नाहीत. सातही वार तात्यांकडे आले. त्यांना येत होती फक्त खिचडी, तीही पागेच्या मापाने. पण फाटककाकू गेल्यापासून मुक्या झालेल्या त्या घरातून भांडणं ऐकू येऊ लागली. "मीठ चाखून टाक, गधे!"

भेरूची मुदत संपली. एरवी पोरांना सोडवायला कोर्टात भांडणारे तात्या या वेळी मुदत वाढवून मागायला गेले.

"साहेब, लड़का अभी कच्चा है. खिचडी खारट करतो."

साहेब पोट धरून हसले. भेरू सुटला, मामाबरोबर हातोदला गेला.

पुढच्या सोमवारी आईने ओशाळून माझ्या हाती आमटी पाठवली. तात्यांनी सवयीने दोन पाट मांडले होते आणि स्वतः कोपऱ्यात उभे होते. म्हातारा किती एकटा आहे हे आम्हाला इतक्या उशिरा कळावं, याची मला लाज वाटली.

इतक्यात दारात भेरू. हातोदहून आलेला, धुळीने माखलेला.

"तात्याजी, आज वार किसका है?"

तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि खेकसले, "पहले दांत दिखा!"